कळतं, पण वळत नाही

"मॅडम, मला सगळं कळतं. पण वळत नाही."

हे वाक्य मी समुपदेशनाच्या खोलीत इतक्या जणांकडून ऐकलंय, की समोरच्याने 'मला सगळं' म्हटलं की पुढचं आपोआप ऐकू येतं. पोरांवर हात उगारून मग रडणारी आई, दारू सोडून परत धरलेला दुकानदार, लग्न मोडल्याला तीन वर्षं झाली तरी रात्री त्याच मुलीचं स्टेटस उघडून बघणारा इंजिनिअर. तक्रार एकच आणि तिच्या पोटातला प्रश्नही एकच: इतकं जुनं झालं, तरी अजून का दुखतं? एकेकाला उत्तर देण्याऐवजी एकीची गोष्ट सांगते. तिची परवानगी घेतली आहे. नाव, गाव आणि ओळख पटेल असं बाकीचंही बदललं आहे.

जयश्री, वय ३८, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मुलगा सोहम तिसरीत. रात्री साडेआठला त्याला अभ्यासाला बसवायचं आणि नऊ वाजेपर्यंत घर डोक्यावर घ्यायचं, हा रोजचा शिरस्ता.

"वजाबाकीत हातचा विसरला की माझं डोकंच फिरतं. ओरडते, वही भिरकावते. तो रडत झोपतो. मग रात्री एक वाजता मी ओट्याशी उभी राहून फरसाण खाते. डब्याचा तळ दिसेपर्यंत. आणि मग स्वतःचीच किळस येते." थोडं थांबून म्हणाली, "आणि शाळेत बघाल तर चौदा वर्षांत एकाही पोराला मी वर्गाबाहेर उभं केलेलं नाही."

शेवटचं वाक्य मी वहीत टिपलं. का टिपलं, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

मी मूळची विवेकनिष्ठ पद्धतीत, म्हणजे विचार तपासून बदलण्याच्या पद्धतीत, तयार झालेली. अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात मांडलेली ही पद्धत महाराष्ट्रात चांगली रुजली आहे, आणि तिचे माझ्यावर उपकार आहेत. त्यामुळे सुरुवातीच्या दोन-तीन भेटी मी त्याच वाटेने नेल्या. कोणता विचार आला, तो खरा आहे का, त्याजागी कोणता ठेवता येईल, हे लिहून आणायचं. जयश्रीने काय सुंदर लिहून आणलं! ठळक अक्षर, लाल शाईने आखलेला समास, 'वजाबाकी चुकली म्हणजे आभाळ कोसळत नाही' या वाक्याखाली दुहेरी रेघ. मी खूश, ती खूश. आणि त्याच आठवड्यात तिने सोहमची पाटी फोडली.

ती वही मी घरी परत चाळली आणि हसू आलं. हा गृहपाठ लिहिला होता कुणी? जी बाई सोहमवर ओरडत होती, तिनेच! वजाबाकीत हातचा विसरू न देणारी तीच बाई माझ्या उपचाराच्याही वहीत समास आखत होती. मी तिच्याविरुद्धची लढाई तिच्याच हाती दिली होती.

पुढच्या भेटीत वही बाजूला ठेवली.

"ओरडायच्या आधी आत काय चालतं?"

"एक मन म्हणतं, लहान आहे, सोड. दुसरं मन ऐकतच नाही."

"त्या दुसऱ्या मनाला कधी काही विचारलंय?"

"त्याला काय विचारायचं? त्याला घालवायचंय!"

'एक मन म्हणतं जा, एक मन म्हणतं नको' हे आपण रोज बोलतो आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. मानसोपचारात या साध्या निरीक्षणाला बऱ्याच जणांनी गंभीरपणे घेतलं. इटलीचे रॉबेर्तो असाजिओली, अमेरिकेतले जॉन आणि हेलन वॉटकिन्स हे दाम्पत्य, आणि पुढे १९८०च्या दशकात रिचर्ड श्वार्ट्झ. श्वार्ट्झ मुळात कुटुंबांवर उपचार करणारे. खाण्याच्या विकाराने त्रासलेल्या मुली त्यांना सांगायच्या, 'माझा एक भाग खा म्हणतो, दुसरा मग शिव्या देतो.' घरात जशी माणसं एकमेकांना ओढतात, रुसतात, झाकून नेतात, तसंच हे आत चाललंय, असं त्यांच्या लक्षात आलं. मला ही मांडणी पटली ती तिच्यातल्या एका गृहीतकामुळे: आतला कुठलाच भाग दुष्ट नसतो. त्याचं वागणं नुकसान करणारं असेल, हेतू मात्र राखण करण्याचाच असतो. (इथे घाबरून जाऊ नका. हे अंगात येणं नाही आणि सिनेमात दाखवतात तसलं दुभंगलेलं व्यक्तिमत्त्वही नाही. तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या आत ही गर्दी आहे.)

जयश्रीला मी डोळे मिटून त्या ओरडणाऱ्या मनाकडे बघायला सांगितलं. शरीरात कुठे जाणवतं? म्हणाली, जबड्यात. कसं दिसतं? बराच वेळ गेला. मग एकदम म्हणाली, "हेडबाई! अंबाडा, चष्मा, हातात फूटपट्टी."

"या हेडबाईंबद्दल तुम्हाला काय वाटतं?"

"राग येतो. त्यांच्यामुळे माझं पोर मला घाबरतं."

माझ्या कामातला सगळ्यात उपयोगी प्रश्न कुठला असं विचाराल तर हाच. उत्तरात राग, भीती, किळस आली, की समजायचं, बोलणारी जयश्री नाही, आणखी एक भागच बोलतोय. त्या रागावलेल्या भागाला थोडं मागे बसायला सांगावं लागतं, नाहीतर दोघींचं भांडण सोडवण्यातच तास जातो. जयश्रीला ते जमायला दोन भेटी लागल्या. तिसऱ्या वेळी तोच प्रश्न विचारल्यावर ती म्हणाली, "काय माहीत. दमलेल्या वाटतात." तेव्हा मला कळलं, आता हिच्याशी बोलता येईल.

आणि नेमकी तिथेच मी घाई केली. हेडबाईंच्या मागे कुणीतरी छोटं आहे, असं जयश्री ओझरतं बोलून गेली होती. मी म्हटलं, "चला, तिच्याकडे जाऊ." वीस वर्षांच्या अनुभवाचा माज, दुसरं काय. जयश्रीचा चेहरा कोरा झाला. पुढच्या दोन्ही भेटी तिने मेसेज करून रद्द केल्या: 'शाळेत मूल्यमापन आहे.' तिकडे फरसाणाचा डबा रोज रिकामा होत होता, हे नंतर कळलं.

ती परत आली तेव्हा मी पहिल्यांदा हेडबाईंची माफी मागितली. अगदी शब्दशः. "बाई, तुम्हाला न विचारता मी तुमच्या मागच्या खोलीत शिरत होते. चुकलं." जयश्री आधी हसली, मग तिचा जबडा सैल पडला. मी पुढे विचारलं, "बाई, एका दिवशी तुम्ही ओरडलाच नाहीत, तर काय होईल अशी भीती वाटते?"

उत्तर तत्काळ आलं, आणि आवाजही जरा वेगळा. "सोहम बाहेर उभा राहील."

कुठे बाहेर, हे विचारायची गरज उरली नाही. 'चौदा वर्षांत एकाही पोराला वर्गाबाहेर उभं केलेलं नाही' हे माझ्या वहीत पहिल्या पानावर होतं.

हेडबाईंनी वाट दिल्यावर जे दिसलं ते असं. चौथीचा वर्ग. सतराचा पाढा. सतरा पंचे पंच्याऐंशीच्या पुढे काही आठवेना. गुरुजींनी व्हरांड्यात उभं केलं. शाळेसमोरच्या रस्त्याने अण्णा, म्हणजे तिचे वडील, सायकलला दुधाची किटली लावून डेअरीकडे निघालेले. त्यांनी पाहिलं. नजर खाली घातली आणि तसेच पुढे गेले. रात्री जेवताना एक शब्द बोलले नाहीत. त्यानंतर त्यांनी तिला अभ्यासाबद्दल कधी विचारलंच नाही.

"गुरुजींचं काही नाही हो," जयश्री म्हणाली. "अण्णा ओरडले असते तरी चाललं असतं."

शिक्षा सगळ्यांनाच झाल्या. आमच्या पिढीत तर त्याशिवाय शाळा सुटायची नाही. पण जखम होते ती मार खाल्ल्याने कमी आणि त्यानंतर कुणी जवळ न आल्याने जास्त, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. ती नऊ वर्षांची मुलगी त्या व्हरांड्यातच राहिली. आत कुणीतरी ठरवलं, की पुन्हा ही वेळ येऊ द्यायची नाही, दुसरं कुणी मान खाली घालण्याआधी आपणच पट्टी घेऊन उभं राहायचं. ती हेडबाई. आणि इतक्या पहाऱ्यातूनही त्या मुलीचं रडणं कधी वर आलंच, तर ते बुजवायला रात्री एकचं फरसाण.

मी जयश्रीला म्हटलं, "तुम्ही आत्ताच्या वयाच्या जयश्री म्हणून तिथे जाऊ शकाल?"

खूप वेळ शांतता. बाहेर रिक्षा थांबली, निघून गेली. मी काही बोलले नाही (न बोलणं हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड काम). मग जयश्रीला हसू आणि रडू एकदमच आलं.

"मी जाऊन तिच्या शेजारी उभी राहिले. तर ती मला विचारते, तुम्हालापण बाहेर काढलं का?"

"मग तुम्ही?"

"म्हटलं, नाही गं. तुला न्यायला आलेय."

मुलीने लगेच विश्वास ठेवला नाही. आधी तिने विचारलं, सतराचा पाढा येतो का. जयश्रीने म्हणून दाखवला. मग मुलगी म्हणाली, मला अजून येत नाही. जयश्री म्हणाली, नसू दे. मग कुठे, मुलीने दप्तर तिच्या हातात दिलं. कुठे जायचं, हेही तिनेच ठरवलं: जयश्रीच्या आत्ताच्या वर्गात, पण पहिल्या बाकावर नाही, खिडकीपाशी. यातलं एक वाक्यही मी सुचवलेलं नव्हतं. हे मुद्दाम सांगते, कारण आठवणी पेरणारा समुपदेशक धोकादायक असतो. 'तुमच्या लहानपणी नक्की अमुक घडलं असणार' असं कुणी तुम्हाला सांगू लागलं, तर तिथून उठा.

त्या संध्याकाळी मला आपल्या भाषेतला एक फरक नव्याने उमगला. समजावणं वेगळं आणि समजूत काढणं वेगळं. समजावायला मुद्दे लागतात, समजूत काढायला जवळ बसावं लागतं. रुसून कोपऱ्यात बसलेल्या पोराला कुणी मुद्दे सांगत नाही. पण स्वतःच्या आतल्या पोराला आपण आयुष्यभर मुद्दे सांगत असतो आणि मग म्हणतो, कळतं पण वळत नाही. ज्याला कळतं तो एक भाग, ज्याने वळायचं तो दुसराच. त्याच्याशी कुणी बोललेलंच नसतं.

आता तुमच्यासाठी. पुढच्या वेळी नको तेच हातून घडलं, की स्वतःला फैलावर घेण्याआधी 'मी अशीच आहे' याऐवजी 'माझ्यातलं कुणीतरी आत्ता चिडलंय' एवढं म्हणून बघा. शब्दांचा खेळ वाटेल, पण दोन पावलं मागे सरकायला जागा मिळते. मग ते शरीरात कुठे आहे बघा: जबडा, छाती, पोट. आणि त्यालाच विचारा, तू हे केलं नाहीस तर काय होईल असं तुला वाटतं? उत्तर आलं नाही तर ओढून काढू नका. माझ्यासारखी घाई केलीत तर आतली मंडळी दोन आठवडे मूल्यमापनाला निघून जातील.

खूप खोल दुखापतीकडे, अत्याचाराकडे, हिंसेकडे मात्र एकट्याने जाऊ नका, प्रशिक्षित माणूस सोबत हवा. भास होत असतील, झोप पूर्ण उडाली असेल, जीव द्यावासा वाटत असेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञ. ताबडतोब बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीतूनही बोलता येतं. आतल्या भागांशी बोलण्याच्या या पद्धतीमागचं संशोधन विचारांवर काम करणाऱ्या पद्धतींच्या तुलनेत अजून थोडं आहे, हेही सांगायला हवं. ज्याला विवेकाची वही पुरते त्याने खुशाल वहीच लिहावी, मीही अजून लिहायला देते. ज्यांची वही भरते आणि पाटीही फुटते, त्यांच्यासाठी मात्र ही वाट मला आता जवळची वाटते.

जयश्रीच्या एकूण अकरा भेटी झाल्या. ओरडणं बंद झालं का? नाही. कमी झालं, आणि ओरडल्यावर रात्री एकपर्यंत न थांबता ती नऊ वाजताच सोहमपाशी जाऊन बसते. फरसाण चहाबरोबर, बशीत. हेडबाईंना नवीन काम हवं होतं, ते त्यांनीच निवडलं: शाळेचं दाखल्यांचं रजिस्टर. म्हणे, तिथे चूक परवडत नाही.

'अण्णांना माफ करायचं का?' असं तिने एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, ते तुम्ही खिडकीपाशी बसलेल्या मुलीला विचारा, आणि ती नाही म्हणाली तर तिला आग्रह करू नका. अण्णा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. तिने त्यांना अजून काही विचारलेलं नाही. दिवाळीत माहेरी गेली तेव्हा शाळेवरून मुद्दाम चालत गेली, एवढंच.

"व्हरांड्याला आता ग्रील बसवलंय," मला म्हणाली. "आणि तो किती छोटा आहे हो!"