वकीलबाईंना विचारा : तुकडा माझ्याकडे, किल्ली दुसऱ्याकडे

प्रश्न : वकीलबाई, नमस्कार. आम्ही दहा मित्र मिरज-कोल्हापूरपासून पणजीपर्यंत पसरलेले आहोत. जुनी मासिकं, दिवाळी अंक स्कॅन करून जपतो. त्यासाठी ‘ताहो-लाफ्स’ ही मोफत प्रणाली वापरतो. तीत फाइल आधी कुलूपबंद होते, मग तिचे दहा तुकडे दहा घरच्या संगणकांवर जातात. कुठलेही तीन जमले की फाइल पुन्हा उभी राहते. माझ्या डिस्कवर काय आहे, ते मलाही वाचता येत नाही. आता एका दिवंगत लेखकाच्या मुलीचा ईमेल आलाय : ‘बाबांची कादंबरी तुमच्याकडून वाटली जातेय, काढा.’ सोबत लिंक आहे. ती आमच्यातल्याच एकानं व्हॉट्सॲपवर टाकली होती. जे मला दिसतच नाही त्याला मी जबाबदार कसा? लॉकरमध्ये काय आहे याबद्दल बँकेला कुणी धरतं का? – एक वाचक, मिरज

उत्तर : लॉकरची एक किल्ली बँकेच्या दारात आणून दिली, तर बँकेलाही धरतील. तुमच्या बाबतीत नेमकं तेच झालंय. ताहोच्या लिंकमध्येच फाइलची किल्ली असते आणि त्या किल्लीवरूनच साठवणुकीचा क्रमांक निघतो. तुमच्या डिस्कवर तुकडा ज्या फोल्डरमध्ये पडलाय त्याचं नाव म्हणजे हाच क्रमांक. म्हणजे लिंक हाती आल्यावर तो तुकडा तुमच्याकडे आहे की नाही, हे तुम्हाला शोधता येतं. ईमेल येईपर्यंत ‘मला माहीत नव्हतं’ हे खरं होतं. आता कोर्टात ते म्हणू नका.

तुमच्यातला कुणीतरी आता श्रेया सिंघल खटल्याचं नाव काढेल, मला खात्री आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यातली ‘मध्यस्था’ची व्याख्या खूप रुंद आहे. दुसऱ्याच्या वतीनं नोंदी साठवणारी ‘कोणतीही व्यक्ती’ तीत येते, त्यामुळे घरच्या संगणकावर असे तुकडे साठवणाराही त्याच कायद्यातल्या कलम ७९चं संरक्षण मागू शकतो : दुसऱ्यानं ठेवलेल्या मजकुराची ‘प्रत्यक्ष माहिती’ मिळूनही तो काढला नाही, तरच मध्यस्थ अडकतो. आणि श्रेया सिंघल खटल्यात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ‘प्रत्यक्ष माहिती’ म्हणजे न्यायालयाचा आदेश किंवा सरकारी सूचना. कुणाचाही ईमेल नव्हे. मग लेखकाच्या मुलीला सांगायचं, ‘ऑर्डर आणा’?

नाही. कॉपीराइटची वाट वेगळी आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचंच कलम ८१ म्हणतं की कॉपीराइट कायद्यातल्या हक्कांना यानं बाधा येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं २०१६ साली मायस्पेस या संकेतस्थळाच्या खटल्यात दोन्ही कायदे जोडून वाचले. ‘आमची गाणी काढा’ अशी मोघम तक्रार पुरत नाही; पण कुठली कृती, कुठे आहे, हे नेमकं सांगणारी मालकाची नोटीस मिळाली की माहिती झाली असं धरलं जातं. हा निकाल आपल्या मुंबई उच्च न्यायालयावर बंधनकारक नाही, पण तिथे तो वाचून दाखवला जाणारच.

आता मुलीचा ईमेल पुन्हा उघडा. कॉपीराइट नियम, २०१३ मधला नियम ७५ तक्रारीत काय हवं ते सांगतो : कृतीचं वर्णन, मालकीचा तपशील, प्रत कुठे आहे, आणि २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणून देण्याची हमी. खात्री पटली तर ३६ तासांत प्रवेश बंद करायचा. २१ दिवसांत आदेश आला नाही तर पुन्हा सुरू करता येतो. पण ही सवलत ‘क्षणिक किंवा आनुषंगिक’ साठवणुकीला आहे. तुम्ही तर वर्षानुवर्षं जपण्यासाठीच तुकडे ठेवता! माझ्या मते या आडोशाला जाऊ नका. ईमेलमध्ये हमीचं वाक्य नाही म्हणून खुसपट काढत बसणं तर मला अजिबात आवडणार नाही.

त्याआधी एक हिशेब मात्र करा. लेखक गेल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन १ जानेवारी २०११ पासून मुक्त आहे. आचार्य अत्रे गेले १९६९ साली, म्हणजे २०२९ अखेरपर्यंत हात लावायचा नाही. अनुवादकाचा आणि चित्रकाराचा हक्क वेगळा. दिवाळी अंकाचं तर विचारूच नका : कथा एकाची, व्यंगचित्र दुसऱ्याचं, मुखपृष्ठ तिसऱ्याचं, आणि टोपणनावानं लिहिणारे वेगळेच, लेखक कोण हे उघड झालं नाही तर त्यांची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजायची. तुमच्या संग्रहातला मोठा भाग मला याच कारणानं धोक्याचा वाटतो.

कादंबरी हक्कातली असेल तर तुमचा तुकडा काढा, क्रमांक आणि तारीख लिहून ठेवा, ईमेल जपा. घाबरून सगळी डिस्क फॉरमॅट करू नका, संशय ओढवून घ्याल. फाइल मात्र तेवढ्यानं मरत नाही. तीन तुकड्यांत ती उभी राहत असल्यानं दहांपैकी आठ जणांनी पुसल्याशिवाय ती जाणार नाही. म्हणून बाकीच्या नऊ जणांना लेखी कळवा, आणि मुलीलाही हे गणित सरळ सांगा. ‘काढलं’ एवढंच लिहिलंत आणि लिंक चालूच राहिली, तर पुढचं पत्र वकिलाचं येईल.

ज्यानं लिंक वाटली त्याला मध्यस्थ म्हणवून घेता येणार नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये म्हटलंय. नफा नव्हता म्हणून शिक्षा कमी होऊ शकते, पण पोलीस ठाण्याची पायरी चुकत नाही. या मित्राला वेगळा वकील बघायला सांगा.

प्रश्न : मी मित्रांचे कुलूपबंद बॅकअप ठेवतो. पोलिसांनी किल्ली मागितली तर? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आदेश कुणाचा, ते आधी बघा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९खाली असा आदेश साधारणपणे गृहसचिवांच्या पातळीवरून निघतो, आणि न मानल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण या कलमाखालच्या २००९च्या नियमांनुसार मध्यस्थानं स्वतः कुलूप लावलं असेल किंवा किल्ली त्याच्या ताब्यात असेल, तेवढ्यापुरताच तो बांधील आहे. किल्ली मित्राकडे असेल तर तसं लेखी द्या. सोयीसाठी ती तुमच्याकडे ठेवली असेल, तर आजच परत करा. मात्र तपास सुरू झाल्याची कुणकुण लागल्यावर हा उद्योग करू नका.