मक्यापासून केलेला ‘कंपोस्टेबल’ पेला घरच्या खतकुंडीत कुजतो का?

नाही, पेला पीएलए, म्हणजे पॉलिलॅक्टिक आम्लाचा असेल, तर तो घरच्या खतकुंडीत वर्षभरानंतरही बहुधा जवळजवळ जसाच्या तसा सापडेल. मक्याच्या स्टार्चमधील साखर आंबवून लॅक्टिक आम्ल मिळवतात आणि त्याचे रेणू जोडून हे प्लास्टिक बनवतात. त्या लांब साखळ्या आधी पाण्याच्या क्रियेने तुटून आखूड झाल्या, तरच सूक्ष्मजीवांना त्या पचवता येतात. हे तुटणे साधारण ५५ ते ६० अंश सेल्सिअसच्या पुढे वेग घेते, कारण त्या तापमानाला पीएलए मऊ पडते आणि पाणी आत शिरू लागते. मोठ्या कंपोस्ट प्रकल्पातील ढीग आठवडेच्या आठवडे एवढा तापलेला राहतो. तेथे पारदर्शक पेला आधी दुधी पांढरा होतो आणि मग बोटांनी चुरता येईल इतका ठिसूळ बनतो. घरची लहान कुंडी एवढी ऊब धरून ठेवू शकत नाही. ‘ईएन १३४३२’ हे युरोपीय मानकसुद्धा औद्योगिक कंपोस्टिंगसाठीच आहे, त्यामुळे घरच्या कुंडीसाठी ‘होम कंपोस्टेबल’ हे वेगळे प्रमाणन पाहावे.

मात्र हे उत्तर सर्व वनस्पतिजन्य वस्तूंना लागू होत नाही:
- प्लास्टिकचा थर नसलेल्या उसाच्या चिपाडाच्या ताटल्या तुकडे करून टाकल्यास घरीही कुजतात.
- जिवाणूंपासून मिळणारे पीएचए नावाचे प्लास्टिक साध्या मातीतही विघटित होते.
- उसाच्या इथेनॉलपासून केलेले पॉलिथीन मात्र नेहमीच्या पॉलिथीनइतकेच टिकाऊ असते. ते कोणत्याच ढिगात कुजत नाही.