बाजारातून घेतलेली घोडी गाभण आहे का, हे कसं ओळखावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरात सारंगखेड्याच्या बाजारातून घोडी घेतली, फलटणला आणली, आता फेब्रुवारी उजाडला. पोट सुटलंय, एकदाही माजावर आलेली दिसली नाही, आणि विकणारा जाताजाता म्हणाला होता, "गाभण पण असेल, नशीब तुमचं."

त्या वाक्याला काडीची किंमत देऊ नका. गिऱ्हाईकाला शिंगरू हवंय असं वाटलं की घोडी गाभण होते, आणि लग्नाच्या वरातीसाठी हवीय असं कळलं की तीच घोडी रिकामी होते.

पोटावरूनही काही ठरवू नका. बाजारात उभ्या घोड्याला बहुतेक वाळला कडबाच मिळतो. नुसत्या वैरणीचं आणि जंतांचं पोट भलतंच सुटतं, आणि फासळ्या, पाठ मात्र उघडी पडते. दोन-तीन वेळा व्यालेल्या घोडीचं पोट तसंही ओघळलेलंच असतं. उलट पहिलारू घोडी सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत पोट चोरते. पोटाखाली किंवा पायांवर सूज असेल तर बोट दाबून बघा. खड्डा राहिला तर शिंगराच्या आनंदात राहू नका, रक्त तपासायला द्या. सर्रा या रक्तातल्या परजीवीच्या रोगात अशी सूज येते, आणि सर्रा झालेली गाभण घोडी गाभही टाकते.

माजाचा मुद्दा तुम्हाला जास्त फसवेल. घोडीचा माज दिवसाच्या उजेडावर चालतो. साधारण २१ दिवसांचं चक्र, त्यात ५ ते ७ दिवस माज, हे सगळं खरं, पण दिवस मोठा असताना. थंडीत बऱ्याच घोड्या माजावर येतच नाहीत. सारंगखेड्याचा बाजार भरतो दत्तजयंतीला, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसांच्या आसपास. तेव्हा डिसेंबर-जानेवारीत घोडी गप्प राहिली यावरून ती गाभण ठरत नाही. शिवाय जवळ नर नसेल तर घोडी माज दाखवतेच असं नाही. नर समोर आल्यावर कान पाडून लाथ मारली तर माजावर नाही एवढंच कळतं. काही घोड्या गाभण असूनही शेपूट उचलतात.

घरच्या घरी बघण्यासारखं एकच लक्षण मला भरवशाचं वाटतं, तेही सातव्या महिन्यानंतरचं. सकाळी गार पाणी पाजल्यावर कुशीपाशी शांत उभं राहा. मागच्या मांडीच्या पुढे, खालच्या अंगाला तळहात सपाट ठेवा आणि घाई करू नका. आतून ढुशी बसते, कधी कातडीखालून गोळा सरकताना दिसतो. पोटातली गुडगुड वेगळी, ती हाताला ढकलत नाही. मात्र हालचाल लागली नाही म्हणजे घोडी रिकामी, असं नाही.

कास भरायला लागते ती व्यायच्या दोन ते चार आठवडे आधी, आणि सडांच्या टोकाला मेणासारखे थेंब बहुधा शेवटच्या काही दिवसांत दिसतात. कास पिळून बघायचा मोह आवरा, तो चीक शिंगराचा आहे. विकणाऱ्याने अंगावरचं शिंगरू वेगळं विकलेलं असेल तरी कास भरलेली दिसते, हेही ध्यानात असू द्या.

खरा निकाल डॉक्टरांच्या तपासणीतच लागतो. दिवस माहीत नसताना गुदद्वारातून हात घालून तपासणी आणि सोबत सोनोग्राफी हे सगळ्यात बरं. सोनोग्राफीत गर्भ १४-१६ दिवसांचाही दिसतो, २५ दिवसांच्या सुमारास ठोके दिसतात. पण डॉक्टर घोड्यांची सवय असलेलेच बघा. गायीपेक्षा घोडीचं गुदाशय लवकर फाटतं आणि ते जिवावर बेततं. तुम्हाला शिरवळचं पशुवैद्यक महाविद्यालय जवळ आहे, तिथे विचारा. रक्ताचीही चाचणी असते, पण त्यातली एक साधारण ४० ते १२० दिवसांतच लागू पडते आणि मध्येच गर्भ गेला तरी काही काळ 'गाभण' दाखवते.

तारखेचा हिशेब मात्र आजच करून ठेवा. घोडी सरासरी ३४० दिवसांनी विते, ३२० ते ३६५ मध्ये कधीही. तुमच्याकडे आल्यापासून नर लागला नसेल तर शेवटची शक्यता बाजारातल्याच दिवसांची. म्हणजे ती आजपासून येत्या डिसेंबरपर्यंत कधीही विऊ शकते. सुटलेला घोडा बाजारात परवानगी विचारत नाही, त्यामुळे विकणाऱ्यालाही माहीत नसेल.

तोवर ती गाभण आहे असंच धरून चाला. हलकं फिरवणं चालेल, पण वरातीत मागच्या पायांवर नाचवणं बंद. बुरशी आलेला कडबा गव्हाणीत नको. जंताचं औषध डॉक्टरांना "गाभण असू शकते" असं सांगूनच द्या. आणि गावात कुणी "माजावर येत नाही ना, मग गायीला देतात ते इंजेक्शन टोचू" म्हणालं तर सरळ नाही म्हणा. गायी-म्हशींना माजावर आणायला सर्रास देतात त्या इंजेक्शनने गाभण घोडीचा गर्भ पडू शकतो. तपासणीत रिकामी निघाली तरी सुई नकोच, मार्च-एप्रिलमध्ये दिवस वाढले की बहुतेक घोड्या आपणहून माजावर येतात.