‘जाब विचारणे’ बरोबर की चूक?

एका वाचकाने विचारलं आहे: ‘आश्वासनं पूर्ण न केल्यावरून विरोधी पक्षनेत्यांनी संसदेत सरकारला जाब विचारला’ असं वाक्य बातम्यांत नेहमी येतं. जाब म्हणजे जवाब, म्हणजे उत्तर. मग ‘उत्तर विचारलं’ हे चूक नाही का? विचारतात तो प्रश्न, उत्तर तर मागतात. त्याऐवजी ‘सरकारला आव्हान दिलं’ लिहावं का?

जाब हा अरबी ‘जवाब’वरूनच आला, हे बरोबर. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष पटत नाही. मराठीत आपण नाव विचारतो, पत्ता विचारतो, भाव विचारतो, वाट विचारतो, कारण विचारतो. यातला एकही शब्द प्रश्न नाही. जे समोरच्याकडून कळून घ्यायचं आहे, तेच इथे ‘विचारणे’चं कर्म होतं. ‘त्याला कारण विचारलं’ जसं चालतं तसंच ‘त्याला जाब विचारला’. ‘मागणे’ वापरलंत तर विभक्ती तेवढी बदलते: सरकारला जाब विचारतात, सरकारकडे जाब मागतात. ‘सरकारकडे जाब विचारला’ असंही हल्ली छापलेलं दिसतं. त्यात दोन रचनांची सरमिसळ झाली आहे.

मूळ शब्द एकच, पण मराठीने त्याची तीन रूपं केली आणि तिघांना वेगवेगळी कामं दिली. तमाशात रंगतात ते सवाल-जवाब. पोलीस नोंदवतात तो जबाब. आणि जाब हा विचारायचा किंवा द्यायचा. पेशवाईच्या कागदपत्रांत ‘जाबसाल’ भेटतो, तो बोलणी, वाटाघाटी या अर्थाने. तिथे जाबाला धार नाही. आज मात्र नुसतं ‘त्याने मला जाब दिला’ म्हटलं तरी काहीतरी बिनसलेलं आहे हे ऐकणाऱ्याला कळतं.

ही धार हक्कातून येते. रस्त्यात भेटलेल्या अनोळखी माणसाला तुम्ही पत्ता विचाराल, जाब नाही विचारू शकणार. जाब त्यालाच विचारता येतो जो तुम्हाला उत्तर द्यायला बांधलेला आहे. ‘जबाबदार’ हा शब्दही याच कुळातला: जबाब ज्याच्याकडे आहे, तो देणं ज्याच्यावर आहे, तो जबाबदार. संविधानाच्या कलम 75(3) नुसार मंत्रिपरिषद लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते. म्हणून सभागृहात उभा राहिलेला खासदार, मग त्याच्या पक्षाचे दोनच सदस्य का असेनात, सरकारला जाब विचारतो तेव्हा तो या कलमाचाच अर्थ मराठीत बोलत असतो. ‘टीका केली’, ‘हल्लाबोल केला’, ‘धारेवर धरलं’ यांतून आवाज किती चढला ते कळतं, पण उत्तर देणं सरकारवर बंधनकारक आहे ही गोष्ट त्यांत येत नाही. त्यासाठी माझी पसंती निःसंशय ‘जाब’ला.

आता वाक्यातल्या ‘आश्वासना’कडे वळू, कारण खरी गफलत तिथे होते. हा शब्द संस्कृत ‘श्वस्’ धातूवरून आला. श्वास, निःश्वास, विश्वास सगळे त्याचेच. मूळ अर्थ धीर देणं, घाबरलेल्याला मोकळा श्वास घेऊ देणं. पुढे मराठीत तो ‘अमुक करू’ अशा हमीसाठी रुळला. निवडणुकीच्या सभेत उमेदवार देतो तेही आश्वासन आणि मंत्री सभागृहात देतो तेही आश्वासनच, असं आपण सरसकट लिहितो. बोलताना त्यात काही वावगं नाही. संसदेच्या कामकाजात मात्र हा पारिभाषिक शब्द आहे. लोकसभेत 1953 पासून शासकीय आश्वासन समिती आहे, राज्यसभेत 1972 पासून. मंत्र्याने सभागृहात दिलेली आश्वासनं ती समिती तपासते. ती साधारण तीन महिन्यांत पूर्ण व्हावीत अशी अपेक्षा असते. नाहीतर मंत्रालयाला मुदतवाढ मागावी लागते किंवा आश्वासन वगळण्याची विनंती करावी लागते.

यातली मला फार आवडणारी गोष्ट म्हणजे आश्वासन ठरायला मंत्र्याने ‘आश्वासन देतो’ असं म्हणावं लागतच नाही. ‘बाब विचाराधीन आहे’, ‘मी यात लक्ष घालीन’, ‘माहिती घेऊन सभागृहाला कळवीन’ या धाटणीची विधानंही आश्वासन म्हणून धरली जातात. वेळ मारून न्यायला वापरलेलं वाक्य तिथे कागदावर चढतं आणि त्याचा पाठपुरावा होतो. उलट, जाहीर सभेत हजारोंसमोर ठासून सांगितलेलं या समितीच्या कक्षेत येत नाही.

म्हणून बातमी लिहिणाऱ्याने हा फरक ठेवावा असं मला मनापासून वाटतं. विरोधी नेता निवडणूक प्रचारातल्या बोलण्यावर बोट ठेवत असेल तर ‘जाहीरनाम्यातली वचनं’ किंवा ‘प्रचारातल्या घोषणा’ लिहा. मागच्या अधिवेशनात मंत्र्याने दिलेल्या उत्तरावर ठेवत असेल तर ‘सभागृहात दिलेलं आश्वासन’. क्रियापदंही आपापली आहेत: वचन पाळतात, शब्द राखतात, घोषणा अमलात आणतात, आश्वासन पूर्ण करतात. ‘आश्वासन पाळलं नाही’ चूक नाही, पण आश्वासनाला ‘पूर्ती’ जास्त शोभते.

राहिला प्रश्न ‘आव्हान’चा. नेता म्हणाला, ‘हिंमत असेल तर आकडेवारी पटलावर ठेवा’, तर ते आव्हान. तो म्हणाला, ‘गेल्या अधिवेशनात तुम्ही कबूल केलं होतं, त्याचं काय झालं?’ तर तो जाब. एकाच भाषणात दोन्ही असू शकतं आणि तेव्हा दोन्ही लिहावं. फक्त ‘आव्हान’ लिहिताना ‘आवाहन’ होऊ देऊ नका. आवाहन म्हणजे विनंतीवजा हाक, आणि सरकारला जाब विचारायला उठलेला नेता विनंती करत नसतो.