तळी उचलायला पाच जण

शनिवार, 29 नोव्हेंबर 2025

प्रिय मनू,

तुझा निरोप गुरुवारी, थँक्सगिव्हिंगच्या रात्री ऐकला. मागे भांड्यांचा आवाज, कुणीतरी हसतंय, आणि तू बहुधा जिन्यात उभी राहून हळू बोलतेयस. रूममेटच्या आजीनं वाढता वाढता विचारलं, 'तुझे बाबा आज कुठे जेवतायत?' आणि तू 'घरीच, एकटे' म्हटल्यावर सगळं टेबल गप्प झालं म्हणे. त्या आजी तर डबा भरून द्यायला निघाल्या. ओहायोहून मिशिगनला टर्कीचा डबा! मग तुझा प्रश्न: 'बाबा, आपल्यात सणाला एकटं राहणं वाईट समजतात का? आणि एकट्या माणसानं सण करायची काही पद्धत असते का, की नुसतं झोपायचं?'

झोपलो तर होतोच, दुपारी दोन ते साडेचार. उठलो तेव्हा बाहेर अंधारून यायला लागलं होतं. बाकीचं उत्तर लिहून देतो, कारण फोनवर तू नुसतं 'हं, हं' करतेस.

आधी पहिला प्रश्न. हो, समजतात. आई पुण्याला आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गेलीय आणि तूही येणार नाहीस, हे मंडळात कळलं मात्र, तीन घरांतून बोलावणी आली. 'सणासुदीला एकटे कसले बसताय?' हा सूर तिन्हीकडे सारखाच. मी प्रत्येकाला दुसऱ्याकडे जातोय म्हणून सांगितलं. हे पत्र त्यांच्यापैकी कुणाला दाखवू नकोस.

त्यांचंही चुकत नाही. आपले सण डोकी मोजून रचलेले आहेत. हळदीकुंकवाला सवाष्ण हवी, भाऊबीजेला भाऊ हवा, पोळ्याला बैल हवा. पण गंमत अशी की एखादं डोकं कमी पडलं म्हणून आपल्याकडे सण रद्द करत नाहीत, बदली शोधतात. भाऊ नसला तर बायका चंद्राला ओवाळतात. घरी बैल नसले तर मातीचे आणून पुजतात. बायको हजर नसेल तर नवरा कमरेला सुपारी लावून पूजेला बसतो. (ही शेवटची सोय आईला मी फोनवर ऐकवली. 'सुपारीला भांडी घासायला सांग,' म्हणाली.)

म्हणजे तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही 'हो' असंच आहे. पद्धत आहे, फक्त ती कुठे लिहून ठेवलेली नाही. मी ती एका बाईंकडे पाहिली. त्यांच्याबद्दल तुला कधी सांगितलं नव्हतं.

या वर्षी पंचांगानं मजा केली होती. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, हे तुला शाळेपासून पाठ. 1941 साली इथल्या काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, तसा कायदाच केला. आणि आपल्या मार्गशीर्षातले गुरुवार आईचे, महालक्ष्मीच्या व्रताचे. यंदा 27 तारखेला त्यातला पहिलाच गुरुवार आला. आदल्या दिवशी, बुधवारी, चंपाषष्ठी. म्हणजे घरात मी एकटा आणि दारात सण तीन.

चंपाषष्ठी तुला 'वांग्याचा दिवस' म्हणून माहीत आहे. आषाढी एकादशीपासून आई घरात वांगं आणत नाही, कांदा-लसूणही कमी करते, आणि चातुर्मास संपला तरी वांग्याचा उपास सुटतो तो चंपाषष्ठीलाच. (सप्टेंबरात ऑफिसच्या लोकांबरोबर मी भरीत खाल्लं होतं. आता कबूल करून टाकतो.) आपलं कुलदैवत खंडोबा. मार्गशीर्ष लागला की त्याचं सहा दिवसांचं नवरात्र बसतं आणि षष्ठीला उठतं. त्या दिवशी देवानं मणी आणि मल्ल या दैत्यांना हरवलं, असं मानतात. नैवेद्याला भरीत आणि बाजरीचा रोडगा. सासवडहून जेजुरी पंधरा-सतरा किलोमीटर, त्यामुळे माझ्या लहानपणी निम्मं गाव त्या दिवशी गडावर जायचं आणि उरलेलं निम्मं घरोघर तळी भरायचं.

तळी भरणं म्हणजे काय, ते नीट सांगतो, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबऱ्याची वाटी आणि भंडारा, म्हणजे हळद. डोक्यावर टोपी नाहीतर रुमाल. पाच जणांनी गुडघा टेकून बसायचं, ताम्हनाला हात लावायचा आणि 'सदानंदाचा येळकोट! येळकोट येळकोट जय मल्हार!' म्हणत ते वर उचलायचं, तीनदा. मग भंडारा उधळायचा आणि खोबऱ्याचे तुकडे वाटायचे. 'येळकोट' हा शब्द कानडी 'एळु कोटी'वरून, सात कोटींवरून, आला असं सांगतात. देव तिकडच्यांचाही आहे, मैलार म्हणतात त्याला. थोडक्यात, सात कोटींच्या देवाला उचलायला निदान पाच तरी हवेत.

आमच्या आळीच्या टोकाला एक बाई एकट्या राहायच्या. सगळी आळी त्यांना आत्याबाई म्हणे. नवरा फार लवकर गेलेला, मूल नव्हतं, दीर-जावा मुंबईला. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आळीत घरोघरी हळदीकुंकू असायचं, त्याला त्यांना कुणी बोलावत नसे. विधवेला बोलवायचं नाही, एवढंच कारण. माझी आजीही बोलवत नसे, आणि माझी आजी फार मायाळू बाई होती. आपल्या चालीरीतींबद्दल तू विचारलंस तर हेही सांगायला हवं. आपल्याकडे एकटं राहणं वाईट समजतात ते निम्मं मायेपोटी आणि निम्मं या असल्या कारणानं. एकटं माणूस म्हणजे काहीतरी अशुभ घडून गेलेलं माणूस.

पण चंपाषष्ठीला आत्याबाईंच्या घरी तळी व्हायची, आणि झोकात व्हायची. सकाळपासून त्यांच्या अंगणातून वांगी भाजल्याचा वास यायचा. बारा वाजले की त्या दारात येऊन हाक मारायच्या, 'चला रे पोरांनो, तळी उचलायला!' आम्ही गोट्या टाकून धावायचो. हात-पाय धुवायला लावायच्या, प्रत्येकाच्या डोक्यावर घडीचा रुमाल घालायच्या. घरच्या पितळी दिवटीवर बुधलीतून तेल ओतून ती त्या स्वतः हातात धरायच्या आणि आम्ही पाच जण तळी उचलायचो. एका वर्षी आम्ही चारच होतो, बाकीची पोरं जेजुरीला गेलेली. आत्याबाईंनी सायकलवरून चाललेल्या पोस्टमनला थांबवलं. 'टपाल राहू दे, देव अडलाय,' म्हणाल्या. तो बिचारा सायकल भिंतीला लावून, डोक्यावरची टोपी तशीच ठेवून आमच्यात येऊन बसला.

मग खोबरं, भरीत, रोडगा. एक अख्खा रोडगा दारातल्या कुत्र्याला, कारण खंडोबाबरोबर कुत्रा असतो. आणि आमचं खाऊन झालं की त्या म्हणायच्या, 'जा आता.' आम्ही उंबऱ्याबाहेर पडलो की आतून कडी लागल्याचा आवाज यायचा. खट्ट!

आम्हाला वाटायचं, बिचाऱ्या. आता आत एकट्याच बसणार. घरी येऊन मी आजीला तसं म्हणायचो आणि आजीही 'हो रे, बिचारी' म्हणायची. ती कडी बिचारेपणाची नसेलही, हे मला परवा बुधवारी सुचलं. वयाच्या बावन्नाव्या वर्षी.

तर बुधवार. ऑफिस दुपारी सुटलं. शेजारी चार दिवस गावाला गेलेत आणि त्यांचा कुत्रा कूपर आपल्याकडे आहे, ते मी तुला कळवलंच होतं. वांगी बाहेरच्या ग्रिलवर भाजली. वारा असा होता की एका हातानं झाकण धरून उभं राहावं लागलं आणि मेपलची उरलीसुरली पानं भरतात यायला बघत होती. भरीत आजीचं, म्हणजे माझ्या आजीचं: कांद्याची पात, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाण्याचं कूट, वरून तेलाची फोडणी. रोडग्याचे मात्र हाल झाले. डब्यातल्या बाजरीच्या पिठाची विरी गेलेली. बाजरीचं पीठ फार दिवस टिकत नाही, कडू होतं, आणि हे तर उन्हाळ्यातलं असावं. पुण्यात तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, म्हणून आईला विचारता येईना. शेवटी उकळतं पाणी घालून मळलं आणि जाडजूड थापलं, तेव्हा कुठे एकसंध निघाले. चार झाले. चव जरा कडसर, पण पहिल्या घासाला वांगं असलं की बाकी काही कळत नाही.

मग तळी. ताम्हन काढलं, पानं देशी दुकानातून आणली होतीच. दिवटी काढली पण पेटवली नाही. या लाकडी घरात कापडाची वात पेटवलेली आईला कळलं असतं तर मला परत एकटं सोडलं नसतं. निरांजन लावलं. रुमाल डोक्यावर घेतला, गुडघा टेकला आणि मग लक्षात आलं की पाच जण कुठून आणायचे. आळीत हाक मारावी तर आळीत कोण आहे? समोरच्यांच्या दारात तीन परगावच्या गाड्या, पण त्यांना तळीला बोलवायचं म्हणजे आधी तासभर समजावून सांगायचं. पोस्टमन येऊन गेलेला.

मी, निरांजन, आजोबांचा फोटो, आणि जवळ येऊन ताम्हन हुंगणारा कूपर. चार. पाचवं म्हणून तुझी ती लाल टोपी ठेवली, दिवाळीला आलीस तेव्हा विसरून गेलेली. बदली शोधायची, असं वर लिहिलंय ना. 'सदानंदाचा येळकोट' मी बऱ्यापैकी मोठ्यानं म्हटलं. रिकाम्या घरात स्वतःचा आवाज फार मोठा येतो. पहिल्यांदा लाज वाटली. दुसऱ्यांदा कूपर भुंकला. तिसऱ्यांदा आम्ही दोघंही जोरात. भंडारा उधळला तो निम्मा कार्पेटवर आणि निम्मा त्याच्या पांढऱ्या कपाळावर.

कूपरला रोडगा दिला, पण नुसता. भरतात कांदा-लसूण, आणि ते कुत्र्यांना बाधतं. खंडोबाचा कुत्रा असता तर मी विचार केला नसता, पण हा शेजाऱ्यांचा आहे.

गुरुवारी काहीच केलं नाही, हे तुला खरं वाटणार नाही. सकाळी आठला आईचा फोन, तिकडे संध्याकाळचे साडेसहा. तिनं आजीच्या घरी घट मांडला होता. इथे ती दर वर्षी पाच झाडांच्या पानांसाठी कशी फिरते, आठवतं? नोव्हेंबरात मिशिगनची झाडं नुसती काटक्या, मग आत आणलेली तुळस, कुंडीतला कढीपत्ता असं करत करत पाच जमवते. तिकडे अंगणातूनच मिळाली, यावर ती भलतीच खूश होती. मी विचारलं, मी इथे काय करू? म्हणाली, 'दिवा लाव आणि ऐक.' फोन स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला, ती पोथी वाचत गेली आणि मी उभ्या उभ्या चहा पीत ऐकली. मागून आजी मध्येच 'आवाज मोठा कर' म्हणत होती. आणि एक सांगतो. आईनं हळदीकुंकवाला खालच्या मजल्यावरच्या काकूंना बोलावलं होतं. त्यांचे मिस्टर गेल्या वर्षी गेले. आईनं हे काही जाहीर केलं नाही, बोलता बोलता कळलं.

फोन ठेवल्यावर घर एकदम शांत झालं. रस्त्यावर एक गाडी नाही. डेट्रॉइटचे लायन्स, म्हणजे इथला फुटबॉलचा संघ, थँक्सगिव्हिंगला खेळतात ही प्रथा 1934 सालची, त्यामुळे दुपारी एकच्या सुमारास समोरच्या घरातून एक मोठा ओरडा ऐकू आला, तेवढाच. मी कालचं भरीत, गरम भात, वर तूप असं जेवलो. पानं गोळा करणार होतो, नाही केली.

तुझ्या रूममेटच्या आजींना सांग, मी एकटा बसण्यातलं वाईटही पाहिलंय. 1999 साली इथे आल्यावर पहिल्या थँक्सगिव्हिंगला विद्यापीठातली मेस बंद, बस बंद, ग्रंथालय बंद, आणि होस्टेलच्या मजल्यावर मी एकटा. या दिवशी सगळा देश बंद असतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. ब्रेड आणि लोणचं खाल्लं आणि संध्याकाळी सहालाच झोपलो. त्या दिवशी मला कुणीही बोलावलं नव्हतं. परवा मी तीन बोलावणी खिशात घालून घरी बसलो होतो, शिवाय फोनवर आई आणि दारात कूपर. कडी मी आतून लावली होती. मला मजा आली, मनू. पुढच्या वर्षी तू आलीस तर जास्त येईल, पण या वर्षीही आली.

उद्या शेजारी परत येतायत. कूपरला दोनदा आंघोळ घातली, कपाळ अजून पिवळंच आहे. त्यांना काय सांगायचं ते सुचव. आणि खोबऱ्याचे पाच तुकडे केले होते, त्यातला तुझा फ्रीजमध्ये वरच्या कप्प्यात, स्टीलच्या छोट्या डबीत ठेवलाय. लाल टोपीही तिथेच शेजारी खुंटीवर आहे. तिलाही थोडी हळद लागलीय.

तुझा,
बाबा