वॉशिंग्टन राज्यात आयकरच नाही, मग ‘वर्किंग फॅमिलीज टॅक्स क्रेडिट’ (कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना राज्याकडून मिळणारे पैसे) मागायचं कुठे? बायकोकडे सोशल सिक्युरिटी नंबर नाही, फक्त आयटीआयएन (करभरणीपुरता दिलेला क्रमांक) आहे.

आयकर नाही म्हणून राज्याचं रिटर्नही नाही, तिथेच बहुतेकांची गाडी अडते. आधी फेडरल १०४० (केंद्र सरकारचं आयकर रिटर्न) भरा, मग राज्याच्या महसूल विभागाकडे वेगळा अर्ज करा. ऑनलाइन किंवा कागदी, दोन्ही चालतो. आयटीआयएनमुळे तुमचं फेडरल ईआयटीसी (कमी उत्पन्नाच्या कमावत्यांसाठीचं केंद्राचं टॅक्स क्रेडिट) हुकतं, इथे मात्र तो चालतो. उत्पन्नाची मर्यादा आहेच. आयटीतल्या पगारदारांनी उगाच आशा धरू नये.

खरी मेख मुक्कामाची: वर्षात किमान १८३ दिवस वॉशिंग्टनचे रहिवासी हवेत. शेजारच्या ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडहून ऑगस्टमध्ये नदी ओलांडून वॉशिंग्टनमधल्या व्हँकुव्हरला बिऱ्हाड हलवलं असेल, तर ते वर्ष गेलं. पात्र ठरलात तर निदान ५० डॉलर मिळतात. मागच्या वर्षांचं राहिलं असेल, तर तीन वर्षांपर्यंत मागता येतं.