वाचक विचारतात : कानाला काय लावू?

प्रश्न : ताई, सासऱ्यांचं गेल्या आठवड्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. बेस्टमधून रिटायर झालेले, वाचनाचं भयंकर वेड, दिवाळी अंकातली विज्ञानकथा आधी ते वाचणार, मग बाकीच्यांनी अंकाला हात लावायचा. डोळ्यांना आराम द्या म्हटलंय म्हणून घरात वाचनबंदी, त्यामुळे दिवसभर येरझाऱ्या आणि माझ्या भाजीत मीठ किती यावर चर्चा. परवा म्हणाले, आम्ही रेडिओवर नभोनाट्यं ऐकायचो. तर सायन्स फिक्शनची नभोनाट्यं ऑनलाइन फुकट कुठे मिळतील? इंग्लिश त्यांना कळतं, पण भराभर बोललेलं नाही. – एक सून, भांडुप

उत्तर : मिठाचं तुमचं तुम्ही बघा, नभोनाट्यांचं मी सांगते.

सरळ इंटरनेट आर्काइव्हवर जा, म्हणजे आर्काइव्ह डॉट ऑर्ग. लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत. पण तिथे नुसतं सायन्स फिक्शन रेडिओ टाकलंत की ढिगारा अंगावर येतो, एकच एपिसोड दहा जणांनी दहा नावांनी चढवलेला, एकाचा आवाज विहिरीतून, दुसऱ्याचा मधेच तुटलेला. म्हणून मालिकेचं नाव टाकायचं आणि पुढे ओटीआरआर ही अक्षरं, अर्थात इंग्लिशमध्ये. ओल्ड टाइम रेडिओ रिसर्चर्स नावाचा हौशी लोकांचा ग्रुप आहे, त्यांनी हे जुने कार्यक्रम गोळा करून तारीखवार लावलेत, फाइलच्या नावातच तारीख असते. मी त्यांचाच गठ्ठा घेते.

मालिका दोन लक्षात ठेवा. डायमेन्शन एक्स, अमेरिकेतल्या एनबीसी रेडिओवर 1950-51 मध्ये लागायची, आणि तिचीच पुढची बहीण एक्स मायनस वन, 1955 ते 1958. अर्ध्या अर्ध्या तासाचे भाग, प्रत्येक भागात वेगळी गोष्ट, त्यामुळे कुठूनही सुरू करा. ब्रॅडबरी, अ‍ॅसिमॉव्ह, हाइनलाइन अशा मंडळींच्या कथांवर बेतलेले कितीतरी भाग आहेत आणि नट नाटकातल्यासारखे ठासून बोलतात, आजकालच्या वेबसिरीजसारखं तोंडातल्या तोंडात नाही, म्हणजे सासऱ्यांना जमेल. एक्स मायनस वनच्या सुरुवातीला रॉकेटचं काउंटडाउन आहे, मी पहिल्यांदा लावलं तेव्हा ओट्यावर स्पीकर आणि शेजारी कुकर, फायर म्हणाला आणि नेमकी तिसरी शिट्टी झाली, घरातले सगळे स्वयंपाकघरात धावत आले.

पहिला भाग कुठला लावायचा, तर अ लॉजिक नेम्ड जो. मूळ कथा मरी लाइन्स्टर यांची, 1946 ची. घराघरात एक यंत्र आहे, काहीही विचारा ते उत्तर देतं, आणि एक यंत्र जरा जास्तच मदत करायला लागतं, कुणाला विष कसं घालायचं तेही सांगतं. 1946 हो! सासऱ्यांना आधी वर्ष सांगू नका, ऐकून झाल्यावर सांगा.

भाषेसाठी एक युक्ती सांगते, माझ्या घरात चाललेली आहे. गोष्टीचा अर्धा भाग आधी मराठीत सांगून टाकायचा, भाजी निवडता निवडता. उदाहरणार्थ अ‍ॅसिमॉव्हची नाइटफॉल. सहा सूर्य असलेला ग्रह, तिथे कधी अंधारच पडत नाही, पडतो तो 2049 वर्षांनी एकदा, आणि आज ती वेळ आलीय. इथे थांबायचं आणि डायमेन्शन एक्सचा 1951 चा भाग लावून द्यायचा. काय चाललंय हे माहीत असलं की इंग्लिश शब्द सुटले तरी माणूस गोष्टीतून सुटत नाही. देअर विल कम सॉफ्ट रेन्स मात्र पहिल्याच दिवशी नको. माणसं मेलीत आणि घर आपोआप नाश्ता बनवत बसलंय, ऑपरेशन झालेल्या माणसाला जरा जड जाईल.

1938 चा वॉर ऑफ द वर्ल्ड्सही तिथेच आहे, ऑर्सन वेल्सचा, मंगळवासी आल्याच्या खोट्या बातम्यांचा. सगळी अमेरिका रस्त्यावर आली वगैरे जे आपण ऐकतो ते पेपरवाल्यांनी फुगवलेलं होतं, पण कार्यक्रम खरंच भारी आहे.

आता मराठी. इंग्लिशसारखा आयता गठ्ठा मला मराठीत एका जागी सापडलेला नाही. न्यूजऑनएअर अ‍ॅपवर आकाशवाणीची केंद्रं फुकट लाइव्ह ऐकता येतात, अस्मिता वाहिनीसुद्धा, ते लावून ठेवा. शेजारी कुणी बंगाली असेल तर त्याला संडे सस्पेन्स विचारा, कोलकात्याच्या रेडिओ मिरचीचा कार्यक्रम, यूट्यूबवर फुकट, सत्यजित राय यांचा प्रोफेसर शोंकू ऐकताना भाषा येत नसली तरी मी शेवटपर्यंत बसले होते.

एक कामाची गोष्ट. सासऱ्यांना फोन देऊ नका, फोन आला की व्हॉट्सअ‍ॅप आलं आणि वाचनबंदी संपली. आर्काइव्हवर डाउनलोड ऑप्शन्समध्ये एमपीथ्री दिसेल, अर्ध्या तासाची फाइल साधारण 64 केबीपीएसला 14 एमबी भरते, म्हणजे काहीच नाही. वीसेक भाग पेनड्राइव्हवर टाका आणि पेनड्राइव्ह लागणाऱ्या साध्या एफएम स्पीकरला खोचून द्या, पुढचं-मागचं बटण अंधारातही हाताला लागतं. तुम्हालाही लोकलमध्ये ऐकायचं असेल तर घरीच डाउनलोड करा, गर्दीत नेट लटकतं आणि ते बरोबर रहस्य फुटताना लटकतं.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गणपतीत मुलांकडून विज्ञान नभोनाट्य बसवतोय, पडद्यामागून नुसते आवाज. नेटवर फुकट मिळणारं एखादं भाषांतर करून ढापलं तर चालेल ना? – सांस्कृतिक कमिटी, गोरेगाव

उत्तर : ढापलं हा शब्द तुम्हीच वापरलात! ऐकायला फुकट आहे म्हणजे करायला मोकळं आहे असं नसतं. आपल्याकडे लेखकाचा हक्क तो गेल्यावर 60 वर्षं राहतो. ब्रॅडबरी 2012 मध्ये गेले, म्हणजे ते विसरा. नारळीकर सर 2025 मध्ये गेले, तेव्हा त्यांची कथा हवी असेल तर रीतसर परवानगी मागायची.

एच. जी. वेल्स (वर आलेले रेडिओवाले ऑर्सन वेल्स वेगळे) मात्र 1946 मध्ये गेले, त्यांच्या कथा भारतात 2007 पासून मोकळ्या आहेत. लिब्रिव्हॉक्सवर स्वयंसेवकांनी वाचलेल्या फुकट ऐका, एक निवडा आणि अनुवाद तुमचा तुम्ही करा, कारण आधी कुणी केलेला असेल तर त्याचा हक्क त्याच्याकडे.

आवाजांना खर्च करू नका. 1938 च्या त्या कार्यक्रमात मंगळवाल्यांच्या यानाचं झाकण उघडतानाचा आवाज बाथरूममध्ये बरणीचं झाकण फिरवून काढला होता असं सांगतात. आम्ही घरी करून बघितलं, बाथरूममध्ये खरंच घुमतो, काचेची फिरकीच्या झाकणाची बरणी घ्या आणि माइक बादलीत धरा. फक्त बरणी रिकामी आणि धुतलेली असू द्या, आमच्या मंगळयानातून कैरीच्या लोणच्याचं तेल माइकवर सांडलं आणि तो माइक अजून खार लागल्यासारखा बोलतो.